बसेत्साना लेखुबूला निघते

वामेला काळजी होती ती आई परत येईल याची.

बाकी सगळ्यांच्या काळज्या नेहमीच्या होत्या. शेजारणींना वाटत होतं, सिंह खाईल. चर्चमधल्या बायकांना वाटत होतं, थंडी छातीत बसेल. मोठ्या मावशीला वाटत होतं, लोक काय म्हणतील. वामेला मात्र बाळाला पाजताना, मावशीने पुढ्यात ठेवलेली ज्वारीची पेज संपवताना सारखं एकच वाटत होतं, की आईला कळलं तर ती असेल तिथून मागे फिरेल. आजवर ती दर वेळी मागेच फिरली होती.

कळायचं होतं ते एवढंच, की तिला नात झाली. तारखेच्या बरीच आधी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पण धडधाकट. इस्पितळातून बाळाला घेऊन वामे माऊनमधल्या आईच्या घरी आली तेव्हा आईच घरात नव्हती. पाठीवर पिशवी आणि तंबू घेऊन ती दोन मैत्रिणींबरोबर लेखुबू बघायला गेली होती. मिठाच्या पांढऱ्या मैदानात एकटाच उभा असलेला खडकांचा डोंगर, त्यावर गोरखचिंचेची जुनी झाडं, असं ते लेखुबू. तिला वामेनेच घराबाहेर काढलं होतं. माझ्या दिवसांना अजून अवकाश आहे, पुढे ऊन तापेल, नंतर पाऊस आला की त्या मैदानाचा चिखल होईल, आत्ता गेलीस तरच जाशील, असं म्हणून.

बसेत्साना हे आईचं नाव. त्याचा अर्थ 'मुली'. घरात आधीच मुलींची रांग होती, त्यात हीही मुलगीच निघाली म्हणून आजोबा हताश होऊन जे म्हणाले तेच नाव पडलं. शाळेत बाईंनी "मुलींनो, उभ्या राहा" म्हटलं की ही एकटीच आधी उभी राहायची. पुढे वामे झाली आणि तेही नाव गेलं. आईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची अशी रीत, त्यामुळे ती सगळ्या गल्लीची मा-वामे झाली, आणि टपालावर सोडलं तर बसेत्साना कुठे दिसेनाशी झाली.

मागे फिरण्याची सुरुवात शाळेपासूनची. सेरोवेच्या मोठ्या शाळेत तिला जागा मिळाली होती. ट्रंक टपावर चढवून ती निघाली, आणि वाटेत नाटा गावी दुकानदाराकडे निरोप येऊन थांबलेला, की विहिरीवर घसरून तिच्या आईचा पाय मोडला. ती तिथेच उतरली. घाईत ट्रंक उतरवायची राहिली. ट्रंक मात्र सेरोवेला जाऊन शाळा बघून आली, असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. फ्रान्सिसटाऊनच्या हॉटेलातली नोकरीही अशीच गेली. तेव्हा भावाचं काही निघालं होतं.

मग ती माऊनच्या एका लॉजमध्ये धोबीखात्यात लागली आणि तिथेच निवृत्त झाली. पाहुणे दूरदूरच्या देशांतून यायचे, तंबूत झोपायचे, धुळीने माखलेले कपडे तिच्यापुढे टाकायचे. कुठून आले ते तिला कपड्यांवरून कळायचं. लेखुबूवाल्यांच्या कपड्यांतून पांढरी भुकटी निघायची आणि टबातलं पाणी दुधासारखं व्हायचं. एकदा तिने ती भुकटी बोटावर घेऊन चाटून पाहिली होती. खारट, आणि मागाहून थोडी कडू.

तिकडे जायची संधी एकदा आलीही होती. पाहुण्यांच्या एका मोठ्या टोळीला स्वयंपाकाला बाई हवी होती, गाडीत जागा होती. वामे तेव्हा चार वर्षांची. तिला मोठ्या मावशीकडे ठेवून बसेत्साना निघाली, रॅकोप्सपर्यंत पोचली, आणि पोलीस चौकीच्या वायरलेसवर निरोप आला की पोरीला ताप आहे. गुरांच्या ट्रकमध्ये उभी राहून ती माघारी आली. अंगणात येऊन बघते तर वामे वाळूत बसून चिखलाच्या भाकऱ्या थापत होती. "आणि म्हणते कशी, आई, तुला गाईचा वास येतोय," असा त्या गोष्टीचा शेवट आई नेहमी करायची. लहानपणी वामे त्यावर खदखदून हसायची. मोठेपणी, स्वतः शाळेत शिकवायला लागल्यावर, तिचं हसू तिथपर्यंत येऊन थांबायला लागलं.

तंबू आला तोही लॉजमधूनच. घरी परतणारे पाहुणे जड सामान मागे टाकून जात. तसाच एक हिरवा तंबू बसेत्सानाने मॅनेजरला विचारून घरी आणला आणि पलंगाखाली सारला. कितीतरी वर्षं तो तिथेच होता. निवृत्तीनंतर एक दिवस तिच्याबरोबर इस्त्रीला असलेली मोसिदी आणि बसस्टँडवर तळलेले मैद्याचे गोळे विकणारी दिकेलेदी घरी चहाला आल्या, झाडताना तंबू बाहेर आला, आणि तो उघडून तरी बघू या, असं ठरलं.

माऊनमध्ये अंगणात तंबू लागला की एक तर लग्न असतं, नाहीतर मयत. आणि या घरातल्या लग्नाचं बोलणं कुणाच्या कानावर नव्हतं. काठ्या कशाबशा खोचून होईपर्यंत समोरची बाई खांद्यावर शाल टाकून, मान खाली घालून फाटकातून आत आली. तिच्यामागे दुसरी, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन, कारण दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. मोसिदी तेव्हा लांबी मोजायला तंबूत आडवी झाली होती आणि तंबू तिला पुरत नसल्याने तिचे पाय बाहेर राहिले होते. शालवालीने ते पाय पाहिले, तिथेच गुडघ्यांवर बसली आणि प्रार्थना सुरू केली.

आतून मोसिदी म्हणाली, "पडदा लावा गं, माश्या येतायत."

शालवाली फाटकापर्यंत पळाली ती शाल तिथेच टाकून. मोळीवालीला मात्र मोसिदीने हाक मारून सांगितलं, की सरपण आणलंच आहे तर ठेवून जा. वामे नुकतीच बाळंतपणासाठी आईकडे आली होती. पोट धरून हसता हसता तिला भिंतीला टेकावं लागलं. त्या संध्याकाळी, त्याच सरपणावर चहा उकळत असताना, तिघींचं जायचं ठरलं.

मोठी मावशी सेगोमोत्सो हे ऐकून दोन दिवस बोलली नाही. मग बोलली ती एकदमच. गुरांच्या वाडीवर आपण लहानपणी उघड्यावर झोपायचो ते घर नव्हतं म्हणून. आता पत्र्याचं घर आहे, गादी आहे, तर बाहेर जमिनीवर झोपायचं? बसेत्साना म्हणाली, गादी कुठे पळून जात नाही.

तिघींकडे पैसे बेताचे, पण दिकेलेदीच्या ओळखीने काम भागलं. बसस्टँडवर उभं आयुष्य काढल्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरने तिच्याकडे उधारीवर खाल्लेलं होतं. वामेने हलकं भांडं न्या म्हणून सांगून पाहिलं, पण मोसिदीने स्वतःचं तीन पायांचं लोखंडी भांडंच पिशवीला बांधलं. ती चालली की ते खणखण वाजायचं. वाटेत बसच्या वाहकाने सहज नावं विचारली. त्यांच्या नावांचे अर्थ काजळी, आसवं आणि मुली. तो म्हणाला, ही काय प्रवाशांची नावं आहेत की भजनाच्या ओळी.

हे सगळं वामेला रोज संध्याकाळच्या फोनवर कळायचं. जिथे आवाज पोचेल अशा उंचवट्यावर चढून आई फोन करायची. तिचा आवाज बदलला होता. मागे दोघी तिला बसेत्साना म्हणून हाका मारताना ऐकू यायच्या आणि वामेला दर वेळी क्षणभर वाटायचं, या कुणाला बोलावतायत. एका चारा-पेंडीच्या ट्रकवाल्याने त्यांना पुढे बसवून घेतलं होतं. त्याने विचारलं, लेखुबूला कोण नातेवाईक आहे का. नाही. मग प्रार्थनेला चाललात? नाही. मग कशाला? आई म्हणाली, झोपायला. त्यावर त्याला इतकं हसू आलं की त्याने ट्रक बाजूला घेऊन थांबवला, डोळे पुसले, आणि पुढे भाडं घ्यायचंच विसरला.

वामे ऐकत होती तेव्हा बाळ तिच्या मांडीवर होतं. ऐन वेळी ते शिंकलं.

"कोण गं?" आईने विचारलं.

"मावशी."

मावशी दारात उभी होती. आपल्या नावावर खपवलेली ती शिंक तिने नंतर बराच वेळ मनाला लावून घेतली. फोन करून टाक, असा तिचा पहिल्या दिवसापासून घोशा होता. तू नाही तर मी करते, असंही म्हणून झालं. पण बाळंतिणीच्या मनाविरुद्ध काही केलं तर दूध आटतं, हे तिचंच म्हणणं होतं, आणि वामे ते तिच्यासमोर धरून बसली होती.

रॅकोप्सच्या पुढे तिघी नदीकाठाने थोडं चालत, थोडं मिळेल त्या गाडीने जात होत्या. तिथे एक नवीच अडचण निघाली. रानातून पायी चालणारं माणूस दिसलं की आपल्याकडे कुणीही पहिलं काय विचारतो? काय हरवलंय? गाढवं की गुरं? कारण हरवल्याशिवाय रानात चालतंय कोण. पहिल्या काही जणांना त्यांनी खरं ते सांगितलं, की काही हरवलेलं नाही, आम्ही अशाच फिरतोय. लोकांना ते आवडलं नाही. या बायका काहीतरी लपवतायत, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. एका वाडीवर तर म्हाताऱ्याने पाणी दिलं, पण बसायला सांगितलं नाही. शेवटी दिकेलेदी वैतागली. पुढच्या माणसाने विचारल्यावर म्हणाली, "तांबडी गाय. कपाळावर पांढरा ठिपका. डावं शिंग वाकडं."

तिथून सगळं सोपं झालं. वाडीवाडीवर त्यांना आंबट दूध मिळालं, निखाऱ्यावर भाजलेल्या जाड भाकऱ्या मिळाल्या, कुंपणाच्या आत तंबूला जागा मिळाली. लोक गाईचं वय विचारायचे, स्वभाव विचारायचे. मोसिदीने ती तिसऱ्यांदा गाभण आहे असंही सांगून टाकलं. गुराखी पुढच्या वाडीला आधीच कळवून ठेवायचे, की तीन आया येतायत, त्यांच्या गाईवर नजर ठेवा.

मैदानाच्या काठावरच्या म्मात्शुमो गावातून आईचा फोन आला तेव्हा तिला हसण्यातून बोलताच येईना. एक माणूस सायकलवरून धापा टाकत आला होता. गाय सापडली म्हणाला. बांधून ठेवलीय.

"वामे, खरंच तशीच गं. कपाळावरचा ठिपका, वाकडं शिंग, सगळं. मोसिदी म्हणते, आपण खोटं बोललो आणि देवाने गाय पाठवली."

"मग?"

"मग काय. दिकेलेदी गाईभोवती दोनदा फिरली. पुट्ठ्यावरचा मालकाच्या खुणेचा डाग बघितला, मान हलवली. म्हणाली, डाग आमचा नाही."

त्या माणसाला एवढं वाईट वाटलं, की त्याने तिघींना चहा पाजला आणि आपली गाढवगाडी देऊ केली. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत तो त्यांना स्वतः लेखुबूला सोडणार होता. न जाणो, गाय तिकडे गेली असली तर. तिथून पुढे फोन लागणार नाही, आई म्हणाली, चार-पाच दिवस तरी. इथून मैदानाची कड दिसते वामे, आभाळाखाली पांढरी रेघ ओढल्यासारखी. मग तिने विचारलं, "पोट कसं आहे?"

"आता हलकं वाटतंय," वामे म्हणाली. ते खरंच होतं.

"काही झालं तर सांग हं. मी कुठूनही येईन."

फोन ठेवल्यावर वामेला रडू आलं. मावशीने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती खोलीत फेऱ्या घालू लागली. मग म्हणाली, "आख्ख्या माऊनला माहीत झालंय. आज फाटकाशी टोमॅटोवालीने मला विचारलं, नात कुणासारखी आहे म्हणून. आणि माझ्या बहिणीला माहीत नाही. हे तिला मागाहून कळेल तेव्हा काय सांगणार आहेस?"

न सांगितलं तर आई मिठाचं मैदान बघून हसत परत येणार, आणि फाटकाशी पहिली भेटणारी शेजारीण तिचं अभिनंदन करणार. आईच्या चेहऱ्याचं तेव्हा काय होईल ते वामेला दिसत होतं. सांगितलं तर गाढवगाडी रिकामी जाणार. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच आई हवी होती. मावशी सगळं करत होती, पण बाळाला न्हाऊ घालताना तिच्या हाताला घाई असायची. आईने पाठीवरून हात फिरवावा असं तिला दिवसातून कितीदा तरी वाटायचं, त्यामुळे फोन करायचा तर तो आईसाठी की आपल्यासाठी, हेही तिला नीट ठरवता येईना.

सकाळी कागो आला. वामेचा नवरा फ्रान्सिसटाऊनला गॅरेजमध्ये होता. बाळाची बातमी कळल्यापासून रजा मागत होता, ती काल मिळाली. रात्रभर बसमध्ये बसून तो थेट आला होता. हातात गुलाबी फुगा, तोही वाटेत अर्धा मऊ झालेला. खोलीच्या दारात बाळंतिणीची खूण म्हणून लाकूड आडवं टाकलेलं होतं. त्यावरून त्याने एक पाय उचलला तोच मावशी आडवी आली.

"जावईबापू, पाय."

"काय झालं पायांना?"

"तापलेत. रात्रभर रस्त्यावर होतास. कुठे कुठे उतरलास, कुणाच्या पावलांवर पाऊल टाकलंस, तुला तरी ठाऊक आहे का? असले पाय घेऊन बाळाजवळ येतात?"

कागोने आपल्या बुटांकडे पाहिलं. बूट काढू का, म्हणाला. मावशी म्हणाली, बुटांचं कोण बोलतंय. धुऊन येतो म्हणाला, तर ती म्हणाली, हा ताप पाण्याने उतरत नाही. शेवटी खिडकी उघडून तिने बाळाला आतून उंच धरलं. कागो बाहेरून फुगा धरून उभा राहिला. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होती, मग बाळाने जांभई दिली आणि कागो एवढा खूश झाला की झाडाखाली जाऊन त्याने दोन मित्रांना फोन करून जांभईची बातमी दिली.

वामे पलंगावर बसून हसत होती. हसता हसता थांबली.

"मावशी, हा आत कधी येणार?"

"आता चंद्र पुन्हा पूर्ण होईल तेव्हा. पौर्णिमा तर आत्ताच झालीय. घाई कसली आहे? पोर काय लगेच लग्नाला आलीय?"

"आणि आई आली तर?"

मावशीने पेजेच्या भांड्यात चमचा जरा जोरातच फिरवला. गेले कित्येक दिवस साठलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "तिचं तर नावच काढू नकोस. रानोमाळ हिंडलीय, कुणाकुणाच्या वाडीवर झोपलीय, गाढवाच्या गाडीत बसणार आहे. तिचे पाय म्हणजे चुलीवरचा तवा झाला असेल. धाकटी बहीण असली म्हणून मी तिला सोडीन? आज आली काय नि दहा दिवसांनी आली काय, पौर्णिमेशिवाय ती या लाकडाच्या आत येत नाही."

"आज आली तरी?"

"सांगितलं ना. बसेल त्या जावयाशेजारी झाडाखाली."

वामेने हात पुढे केला. "मावशी, फोन दे."

मावशीने चमचा थांबवला. भाचीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा भाचीकडे. आपण काय बोलून बसलो ते तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं, आणि आता मागे घ्यायचं तर जावयाला दारातूनच वळवलं त्याचं काय, हेही.

"मी तिला सांगितलं, येऊ नकोस, तर ती धावत येईल," वामे म्हणाली. "पण दार तू अडवलंयस म्हटल्यावर धावून जाणार कुठे? हे असंच सांगायचं तिला. तव्यासकट."

"म्हणजे दोष माझ्यावर."

"तू मोठी आहेस ना."

पदराआडून आल्यासारखं एक हसू मावशीच्या ओठांवर आलं, ते तिने लगेच आवरलं. फोन कपाटावरून काढून आणताना म्हणाली, "तिला हेही सांग, की हळूहळू चाललं की पाय कमी तापतात. आणि येताना त्या मिठाचा खडा आण म्हणावं. ऐकलंय, गुरांना चांगला असतो."

बाहेर ऊन अजून कोवळं होतं. गाडी सुटली नसेल, सुटली असली तरी गाढवं गावाबाहेर पडली नसतील. बाळ मांडीवर झोपलं होतं, मूठ वामेच्या अंगठ्याभोवती. आई आधी ओरडणार, मग रडणार, मग पिशवी उचलून उलट्या दिशेला चालू लागणार. त्याच्या आत काय बोलायचं ते वामेने मनाशी जुळवून पाहिलं. आई, आधी गाडीत चढून बस, हे पहिलं वाक्य तिने नक्की केलं आणि नंबर लावला.